गेंड्या की सोंड्या? सोसायटीतल्या माडाला लागलेला भुंगा कसा ओळखायचा आणि मग काय करायचं

ठाण्यात बाळकुमला आमच्या सोसायटीत अकरा माड होते. सात बिल्डरने आणून लावलेले, चार इथे वाडी होती तेव्हापासूनचे. आता दहा आहेत. गेल्या ऑगस्टात त्या जुन्या चारांपैकी एकाचा अख्खा शेंडा सकाळी सव्वासहाला खाली आला. वारा नव्हता, पाऊसही नव्हता. एका स्कूटरचा आरसा गेला. खाली माणूस कुणी नव्हता हे नशीब.

लाजेची गोष्ट अशी की त्याच माडावर सहा महिने आधी आम्ही पैसे मोजून औषध करून घेतलं होतं. ज्या ठेकेदाराला बोलावलं त्याने वर कातरलेल्या झावळ्या पाहिल्या, ‘भुंगा आहे’ म्हणाला, शेंड्यात फवारलं आणि पावती फाडली. भुंगा होताच. पण माडाला लागणारे भुंगे दोन. एक वर होता, त्याच्यावर औषध पडलं. दुसरा खोडात होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यात मीही आलो, कारण कमिटीत बागेचं काम माझ्याकडे आहे.

तेव्हापासून आमच्याकडे नियम केलाय: भुंगा कोणता ते ठरल्याशिवाय बाटली उघडायची नाही. ठरवायचं कसं, ते खाली लिहितोय. घोडबंदर रोडच्या नव्या कॉम्प्लेक्सपासून नौपाड्यातल्या जुन्या चाळींच्या मागच्या अंगणापर्यंत ठाण्यात माड कमी नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांची काळजी घेणारा माणूस माझ्यासारखाच, म्हणजे अर्धवट माहिती असलेला असतो.

आधी दोघांचा संसार समजून घ्या

गेंड्या भुंगा हा काळाकभिन्न, जाडजूड, साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा. डोक्यावर मागे वळलेलं शिंग, म्हणून गेंड्या. ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस या त्याच्या शास्त्रीय नावातही गेंडाच आहे.

त्याचं बालपण माडावर जातच नाही. मादी अंडी घालते ती शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या पाल्यात, सडलेल्या माडाच्या ओंडक्यात. अळी तिथेच वाढते आणि फक्त कुजलेलं खाते. जिवंत माडाला ती तोंडसुद्धा लावत नाही. तीन-चार महिने, कधी सहासुद्धा, ती त्या उकिरड्यात काढते, तिथेच कोषात जाते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. मग मात्र तोंडाची चव बदलते. रात्री उडत जाऊन तो माडाच्या शेंड्यात बसतो, अजून न उलगडलेल्या कोवळ्या कोंबात भोक पाडतो, रस पितो आणि चोथा मागे ढकलतो. सगळा त्रास मोठ्यांचा, लहानांचा काही नाही.

सोंड्याचं नेमकं उलट. हा तांबूस, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा, साधारण साडेतीन सेंटिमीटरचा, पुढे लांब बाकदार सोंड असलेला. पाठीवर काळे ठिपके. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थही गंजाच्या रंगाचा असाच. तांदळात टोके होतात ना, त्यांच्याच गोतावळ्यातला, फक्त कित्येक पट मोठा. मादी माडाच्या जखमेत सोंडेने बारीक भोक पाडून अंडी घालते, एक मादी दोन-तीनशे सहज. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि जिवंत खोड आतून खायला लागतात. खोडातलेच धागे गुंडाळून कोष करतात, भुंगे होतात आणि बऱ्याचदा त्याच माडात पुढची पिढी सुरू करतात. इथे खादाडपणा पोरांचा. मोठा भुंगा थोडाफार रस चाटतो, तेवढंच.

एकाचं पाळणाघर खताच्या खड्ड्यात, तर दुसऱ्याचा जन्म, जेवण, लग्न सगळं खोडात. म्हणून एकावरचा उपाय खाली जमिनीवर आणि दुसऱ्यावरचा झाडाच्या पोटात. आमच्या ठेकेदाराने दोघांचा उपाय शेंड्यातच शोधला.

दोघांचं एकमेकांशी नातंही आहे, आणि ते माडाच्या मुळावर येणारं. गेंड्याने शेंड्यात पाडलेल्या भोकातून रस झिरपतो, तो आंबतो, आणि त्या वासावर सोंड्या येतो. गेंड्या दार फोडतो, सोंड्या घरात शिरतो. एकट्या गेंड्याने मोठा माड सहसा मरत नाही, उत्पन्न मात्र घटतं. सोंड्या आत शिरला आणि वेळेत कळलं नाही तर माड गेलाच म्हणायचा.

भुंगा हातात सापडला तर

हे सर्वांत सोपं. पावसाळ्याच्या सुरुवातीला जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली किंवा गेटजवळच्या फ्लडलाइटखाली पालथा पडून पाय झाडणारा काळा भुंगा दिसला तर तो बहुधा गेंड्या. वॉचमनला सांगून ठेवा, झाडूने लोटून टाकण्याआधी डब्यात भरून ठेवायचा. चावत नाही, डंख नाही; पायांवरचे काटे बोटाला घट्ट धरतात एवढंच. शिंग मोठं असेल तर नर. शिंग लहान आणि पोटाच्या टोकाशी तांबूस केसांची दाट लव दिसली तर मादी. मादी सापडली म्हणजे जवळपास अंडी घालायची जागा आहे असं धरून चला.

सोंड्या असा दिव्याखाली क्वचितच भेटतो. तो दिवसाही उडतो. तोडलेल्या झावळीच्या ताज्या बुडावर किंवा सापळ्यात सापडतो. नराच्या सोंडेवर वरच्या बाजूला केसांची छोटी पट्टी असते, मादीची सोंड गुळगुळीत आणि जरा जास्त लांब.

अळी सापडली तर एकच बघा: पाय आहेत का? गेंड्याची अळी हुमणीसारखी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, पुढे तीन जोड्या पाय, पूर्ण वाढली की अंगठ्यापेक्षा जाड. सोंड्याच्या अळीला पाय नसतात. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती, पिवळट पांढरी, डोकं तपकिरी आणि जबडे मजबूत. खड्ड्यात सापडणार पाय असलेली, खोडात सापडणार बिनपायांची. यात गोंधळ व्हायचं कारण नाही.

शेंडा वाचायला शिका, तेही खिडकीतून

गावाकडे शेंडा बघायचा तर माडावर चढावं लागतं. शहरात आपल्याकडे एक सोय आहे जी कोकणातल्या बागायतदाराकडे नाही: चौथा मजला. बारा-चौदा मीटरचा माड चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोर येतो. आमच्या बी विंगमधल्या काकूंच्या स्वयंपाकघरातून तीन माडांचे शेंडे असे दिसतात की ताटात वाढल्यासारखे. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं, ‘अहो, त्या झावळ्या कुणी कात्रीने कापल्यासारख्या दिसतायत.’ आम्ही ‘हो, बघतो’ म्हणून सोडून दिलं. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

काय बघायचं? उलगडलेल्या झावळीवर दोन्ही बाजूंना सारखेच त्रिकोणी काप, पंख्याला कातर लावल्यासारखे. ही गेंड्याची सही. कोंब घडी घातलेल्या कागदासारखा बंद असताना भुंग्याने त्यातून एकच भोक पाडलेलं असतं. घडी उलगडली की तेच भोक नक्षी होऊन दिसतं. लहानपणी कागदाची घडी कापून फुलं करायचो, तीच गंमत.

आता महत्त्वाचं. ही नक्षी म्हणजे शिळी बातमी. निरोगी माड साधारण महिन्याला एक नवी झावळी उलगडतो. वरून मोजत या. कातरलेली झावळी वरून पाचवी असेल, तर ती उलगडूनच पाच महिने झाले, आणि भुंग्याने ती कोंबात असताना, म्हणजे त्याच्याही आधी खाल्ली. तो भुंगा आता तिथे नाही. त्याच्यासाठी आज फवारणी करणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणं. उलट अगदी वरच्या एक-दोन झावळ्या कातरलेल्या असतील, किंवा मधल्या कोंबाच्या बुडाशी भोकातून ओला चोथा बाहेर आलेला दिसत असेल, तर पाहुणा अजून घरात आहे. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच खिडकीतून पुन्हा काढा. महिना-दोन महिन्यांत तुम्हाला त्या माडाची डायरी मिळते. पोय, म्हणजे फुलोरा, बाहेर येण्याआधीच भोक पडून वाळलेली दिसली तर तेही गेंड्याचंच काम.

सोंड्याचं लक्षण शेंड्यात दिसतं ते उशिरा. मधल्या, वरच्या वर्तुळातल्या झावळ्या पिवळ्या पडून मलूल होतात, जणू पाणी मिळत नाहीये. बाहेरच्या हिरव्याच असतात म्हणून लोक म्हणतात, ‘पाणी घाला.’ आम्हीही पाणीच घातलं होतं. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो मेला की बाजूने फुटवा नाही, पुढे काही नाही. मधल्या झावळ्या मलूल होईपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

खोडाला कान लावा

सोंड्याला गाठायचं तर खोडाशी. सकाळच्या उन्हात खोडाभोवती एक फेरी मारा, जमिनीपासून दीड-दोन मीटरपर्यंत बोटं फिरवत. तुम्ही शोधताय ती पेन्सिल जाईल एवढी भोकं, त्यातून ओघळलेला तांबडा-तपकिरी चिकट रस आणि ओल्या भुश्यासारखा चावलेला चोथा. वास घ्या: आंबलेला, ताडीसारखा. आमच्या मेलेल्या माडावर असा ओघळ होता. मी तो कितीदा पाहिला होता. गंजाचं पाणी वाटलं, कारण अगदी वरच लाइटचा लोखंडी क्लॅम्प ठोकलेला होता.

मग रात्री, साडेअकरानंतर, रस्त्यावरची रहदारी कमी झाली की खोडाला कान लावा. आत अळ्या असतील तर कुरकुर ऐकू येते, कागद चघळल्यासारखी. डॉक्टर शेजारी असतील तर त्यांचा स्टेथोस्कोप मागा. आम्ही मागितला. आधी त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच चपला घालून खाली आले. एका माडापाशी पंधरा मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले, ‘पेशंट आतून पोखरलाय.’

पाच ते वीस वर्षांच्या माडांकडे जास्त लक्ष द्या, सोंड्याला हे वय आवडतं. आणि फक्त माडच बघू नका. गेटवर शोभेसाठी लावलेले खजुरीचे पाम आणि शिंदीसुद्धा त्याला चालतात.

खताचा खड्डा उकरा

ही पायरी सगळे टाळतात. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले आणि रोज मोठ्या प्रमाणात कचरा काढणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं गेलं. चांगलं झालं. पण पालापाचोळ्याचा खड्डा आम्ही केला तो माडांच्या रांगेपासून चार पावलांवर, शिवाय बागेसाठी तबेल्यातलं शेणखत गोण्या-गोण्यांनी आणून त्याच कोपऱ्यात रचलं. गेंड्याला आणखी काय हवं? पाळणाघर आणि खानावळ एकाच कंपाउंडमध्ये.

मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या आधी, खड्डा तळापर्यंत उपसा. अळ्या खाली, ओलसर आणि उबदार थरात असतात. फावड्याने काढून प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर पातळ पसरा आणि तासभर उन्हात सोडून द्या. आमच्याकडे पहिल्या वेळी एका खड्ड्यातून त्रेसष्ट निघाल्या. माळीमामांनी मोजून बादलीत टाकल्या. मग कावळे आले, आणि त्यांच्या मागून एरवी कुंपणापलीकडे दबा धरून बसणारा भारद्वाज. निम्मं काम त्यांनी केलं.

सरसकट सगळं मारू नका मात्र. खड्ड्यात राखाडी-तपकिरी, चपट्या, दोन सेंटिमीटरच्या वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. त्या सोल्जर माशीच्या, ओला कचरा त्याच संपवतात. आणखी एक फसवी अळी असते, गेंड्यासारखीच वळलेली, पण जरा लहान. ती सपाट जागेवर सोडून बघा. पाठीवर उताणी होऊन सरकायला लागली तर ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची, माडाला निरुपद्रवी, खतासाठी चांगली. गेंड्याची अळी अशी पाठीवर चालत नाही. लहान मुलांना ही परीक्षा भयंकर आवडते. आमच्या रविवारच्या उपशाला आता सात-आठ मुलं हजर असतात आणि आयांची बोलणी मी खातो.

खड्डा हलवता येत नसेल तर त्यात मेटारायझियम बुरशी मिसळा. ही हिरवी बुरशी अळीच्या अंगावर रुजते. मेलेली अळी आधी कडक पांढरी आणि मग शेवाळी हिरवी दिसते. कृषी सेवा केंद्रात पावडर किंवा द्रव मिळतो. प्रमाण पाकिटावरचं, वेळ पावसाळ्याची, कारण बुरशीला ओल लागते. कोरड्या मे महिन्यात टाकून ‘काही फरक नाही’ म्हणू नका. विकतचं शेणखत आणलं की ढिगात ओतण्याआधी गोणी उपडी करून चाळा, नाहीतर अळ्या पैसे देऊन घरी आणाल.

तोडलेल्या माडाचा खुंट आणि ओंडके हाही गेंड्याचा आवडता पत्ता. कुणी ओंडक्यांचे छान बाक करतात, बागेत ठेवतात. वर्ष-दोन वर्षांत ते आतून मऊ होतात. लाथ मारून पाहा. भुसभुशीत लागलं तर फोडून टाका.

गेंड्या ठरला तर

वर ताजं भोक असेल तर नारळ काढायला येणाऱ्या माणसालाच सांगा. पुढे आकडी केलेली लोखंडी सळई भोकात घालून तो भुंगा ओढून काढतो. जुना उपाय, पण याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. मेलेला भुंगा खाली आणून दाखव म्हणावं, म्हणजे पैसे कशाचे दिले ते कळतं.

त्याच फेरीत वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात २५० ग्रॅम निंबोळी पेंडीची पूड तेवढ्याच वाळूत मिसळून भरून घ्या. वर्षातून तीनदा: पावसाआधी, पावसानंतर आणि थंडी सरताना. वाळूमुळे भुंग्याला आत घुसताना त्रास होतो आणि पेंडीचा वास त्याला नको असतो. हाताला शेंडा लागतो अशा लहान माडांसाठी कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेचा एक उपाय सोपा आहे: कोंबाजवळच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकायची, दर ४५ दिवसांनी नव्या. मुलांचा हात पोचेल तिथे हे करू नका. उंच माडावर दीड-दीड महिन्याला कुणी चढत नाही, तिथे निंबोळीच ठीक.

शेंड्यात रासायनिक फवारणी मला पटत नाही. पोयीवर दिवसभर मधमाश्या असतात, आणि भुंगा कोंबाच्या आत असतो, जिथे फवारा पोचत नाही.

सोंड्या ठरला तर

इथे मात्र घाई करा आणि स्वतः हात घालू नका. परवानाधारक कीटकनाशक फवारणारा माणूस बोलवा, पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या. खोडावरची सगळी भोकं आधी खडूने खुणा करून ठेवा. सगळ्यांत वरचं भोक सोडून बाकीची सिमेंट किंवा मातीने बुजवायची. वरच्या भोकातून नरसाळ्याने औषधाचं पाणी आत सोडायचं, मग तेही बुजवायचं. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे औषध १ लिटर पाण्यात १ मिलिलिटर, अशी कासरगोडची शिफारस आहे. त्याआधी झाडावरचे सगळे नारळ आणि शहाळी उतरवून घ्या, आणि लेबलवर लिहिलेला काळ पुरा होईपर्यंत त्या झाडाचं काही खाऊ नका. आम्ही त्या झाडाला लाल कापड बांधतो, आणि वॉचमनला हिंदी-मराठी दोन्हीत सांगतो.

आठवड्याने पुन्हा कान लावा. कुरकुर थांबली नसेल तर पुन्हा एकदा. मोनोक्रोटोफॉस मुळातून द्या, असा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतो. जुन्या बागायतदारांची ती सवय आहे. ते अतिजहाल विष. बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली ती याच औषधाने. मुलं खेळतात त्या आवारात असली बाटलीसुद्धा नको.

मधले पान गळून शेंडा एका बाजूला कलला असेल तर उपचाराचे पैसे वाचवा आणि माड पाडायच्या तयारीला लागा. पण परवानगीशिवाय नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, आणि मेलेलं झाडही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला कळवूनच काढावं लागतं. अर्जासोबत ओघळाचे, कललेल्या शेंड्याचे आणि खालच्या पार्किंगचे फोटो जोडा. पाडलेलं खोड कोपऱ्यात टाकून ठेवू नका. आतले कोष पिकले की त्यातून भुंगे निघून शेजारच्या माडावर जातात. त्याच दिवशी उभे चिरून तुकडे करा आणि श्रेडरमध्ये घाला.

जखम होऊ देऊ नका

माडाच्या खोडाला झालेली जखम भरून येत नाही. आंब्याच्या किंवा वडाच्या सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थर असतो, तो माडाला नसतोच. आज ठोकलेला खिळा चाळीस वर्षांनीही तसाच भोक धरून राहतो. म्हणून दिवाळीच्या माळा, सीसीटीव्हीची वायर, ‘येथे गाडी लावू नये’ची पाटी, यांतलं काही खिळ्याने माडावर ठोकू देऊ नका. दोरीने बांधा. चढायला कोयत्याने खोडावर खाचा पाडणाऱ्याला आमच्याकडे आता काम नाही. शिडी किंवा चढायचं यंत्र घेऊन येणारा चालतो, चार पैसे जास्त घेतो, देतो.

झावळी तोडतानाही एक खुबी आहे. हिरवी झावळी अगदी खोडालगत सफाईने कापली की दिसायला छान, पण तो ताजा काप सोंड्याला आमंत्रण, आणि तिथून अळी थेट खोडात. साधारण मीटरभर देठ सोडून कापा. अळ्या देठात शिरल्या तरी खोडापर्यंत पोचायच्या आत देठ वाळतो. लग्नाच्या मंडपासाठी कुणी हिरव्या झावळ्या मागायला आला की मी आता सरळ नाही म्हणतो.

सापळा लावताना

दोन्ही भुंग्यांचे गंधसापळे मिळतात. नर जो वास सोडून इतरांना बोलावतो, तोच गंध छोट्या पुडीत भरलेला असतो. सोंड्याचा गंध १९९३ मध्ये शोधला गेला. गेंड्याची पुडी वेगळी, सोंड्याची वेगळी. दुकानदार एकच देऊन ‘दोन्हीला चालते’ म्हणाला तर दुकान बदला.

सोंड्याच्या बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याला चढता येत नाही. आत पिकलेली केळी किंवा उसाचे तुकडे आणि पाणी टाका, दहा-पंधरा दिवसांनी बदला. आणि सापळा माडाला टांगू नका, माडांपासून दूर कुंपणाशी लावा. पहिल्या खेपेला आम्ही माडालाच बांधला आणि आजूबाजूच्या तीन सोसायट्यांतले भुंगे मेजवानीला बोलावले. दोन-चार सोसायट्यांनी मिळून लावले तर उत्तम. एकट्याने लावायचा तर मी म्हणेन, आधी खड्डा उपसा.

नवा माड आणताना

कॉम्प्लेक्सवाल्यांना आयता मोठा पाम हवा असतो, ट्रकने येणारा, लावला की शोभा. सोंड्या जगभर फिरला तो असाच. १९८० च्या दशकात आखाती देशांतल्या खजुरीत, पुढच्या दशकात भूमध्य समुद्राकाठी स्पेनमध्ये, आणि दर वेळी पोटात अळ्या असलेल्या रोपांतून. मोठं झाड घ्यायचंच असेल तर नर्सरीत जाऊन खोडावर बोटं फिरवा, कान लावा. आणल्यावर तीन महिने त्याच्यावर नजर ठेवा. एक पिढी पूर्ण व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात.

आम्ही गेलेल्या माडाच्या जागेपासून जरा बाजूला रोप लावलंय. दीड वर्षाचं. रोपाला गेंड्याचा धोका सर्वांत जास्त, कारण कोंब हाताच्या अंतरावर आणि खोड अजून नाहीच. त्यासाठी एक उपाय सापडला तो फुकटातला: चेंदणी कोळीवाड्यातून मासेमारीचं जुनं, फाटकं नायलॉनचं जाळं आणलं आणि कोंबाभोवतीच्या बेचक्यांत सैलसर गुंडाळून ठेवलं. भुंगा आत घुसायला जातो, पायांचे काटे जाळ्यात अडकतात, आणि जितकी धडपड करतो तितका गुंततो. नवी झावळी आली की जाळं थोडं वर सरकवायचं, नाहीतर तीच अडकते. अलीकडेच एका रविवारी सकाळी काकूंनी खिडकीतून हाक मारली. जाळ्यात दोन अडकले होते, एक नर आणि एक मादी. मादीच्या पोटाशी तांबूस लव. माळीमामा लगेच खड्ड्याकडे फावडं घेऊन निघाले.